साडभाऊ, तुमचा संगणक वऱ्हाडी बोलतो

साडभाऊ,

तुम्ही गेल्यावर अकोल्याला तुमचं पुण्यानुमोदन झालं. माणसं इतकी आली की मंडपाबाहेर चपला ठेवायला जागा उरली नाही. त्रिशरण-पंचशील झालं, मग भाषणं. तंत्रनिकेतनात तुम्ही किती वर्षं प्रयोगशाळा सहायक होतात, कोणत्या सालात निवृत्त झालात, हे सगळं तिथे सांगून झालं, म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही. मलाही उभं केलं होतं. अडतीस वर्षं वर्गात बोललेला माणूस मी, पण माईक हातात आला आणि माझं पहिलं वाक्य निघालं, "माझ्या साडभाऊंनी आयुष्यात कधी विंडोज वापरलं नाही."

मागून एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, "म्हंजे काही व्यसन होतं काय वं?"

"नाई, नव्हतं म्हनून राह्यले मास्तर."

"मंग चांगलं हाय ना!"

मी खाली बसलो. तुम्ही असतात तर हा किस्सा बाळापूरपासून अमरावतीपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगितला असता.

पण मी लिहायला बसलो ते दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीसाठी. पाहुणे गेले आणि सकाळी प्रशिकनं पुण्याहून आणलेला नवा कोरा लॅपटॉप आपल्या आईपुढे, निर्मलाताईंपुढे ठेवला. तुमचा तो जुना संगणक, ज्याच्यावर ताई गल्लीतल्या बायकांचे अर्ज लिहितात, तो ठेवायचा की काढून टाकायचा, याचा निकाल द्यायला तुमच्या मुलानं पंच नेमला कोणाला? मला. तुमच्याशी वीस वर्षं त्याच विषयावर भांडलेल्या माणसाला.

भांडण सुरू कसं झालं, आठवतं? मी पहिला संगणक घेतला आणि तुम्ही तो पाहायला अमरावतीला आलात. आपण दोघं दोन बहिणींचे नवरे. तुम्ही थोरल्या निर्मलाताईंचे, मी धाकट्या शोभाचा. थोरल्या साडूसमोर थोडा रुबाब दाखवावा, एवढीच माझी इच्छा. शोभानं चहा ठेवला, शेजारचे दोघं येऊन बसले, आणि मी सुरू झालो. तुम्ही घरी विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स टाकल्याचं मला कळलं होतं. मी म्हणालो, "भाऊ, फुकटच्या वस्तूला कोणी धनी नसतो. उद्या बिघडलं तर कोणाच्या दारात जाल? आपण दाम मोजतो तेव्हा कोणीतरी जबाबदार असतं."

तुम्ही विचारलं, "मास्तर, मंग तुमी हे विंडोज कुठून घेतलं?"

"दुकानदारानं टाकून दिलं."

"बिल?"

"बिल कशाला? संगणकासोबतच आलं."

आणि माझ्या पाठीमागे पडदा काळा झाला. कोपऱ्यात इंग्रजीत अक्षरं उमटली की ही प्रत अस्सल नाही. तुम्ही चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत लावला आणि ती ओळ शेजाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मग मराठीत अर्थ सांगितला. मग शोभासाठी सावकाश पुन्हा एकदा सांगितला. परीक्षेत पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढणारा मी, माझ्याच बैठकीत चोरीच्या मालासह सापडलो.

"माहं फुकट हाय," तुम्ही म्हणाला होतात, "पन माहं हाय. तुमचं महागाचं हाय, पन तुमचं नाई. अन् सध्या तर तुमचं महागाचंबी नाई."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी अस्सल प्रत विकत आणली. तत्त्वासाठी नाही, तुमच्यावर सूड उगवायला. आणि खरं सांगू, पुढची कितीतरी वर्षं माझीच बाजू भारी होती. मी प्रिंटर आणला, तार खुपसली, कागद बाहेर आला. तुमच्या प्रिंटरला पहिला कागद द्यायला तीन आठवडे लागले, आणि त्यावर अर्धंच पान होतं. एका सरकारी संकेतस्थळानं तुमचा संगणक उंबऱ्यावरूनच परत पाठवला, तेव्हा तुम्ही फोनवर मलाच फॉर्म भरायला सांगितला. तो फॉर्म मी किती चवीनं भरला! शेजाऱ्यांना बोलावून भरला.

एकदा चिडून मी विचारलं, "एवढा त्रास काहून घेता? सगळं जग जे वापरते ते वापरा ना."

तुम्ही तेव्हा हसला नाहीत. म्हणालात, "मास्तर, माह्या आज्यानं शायेच्या भिंतीबाहेर उभं राहून बाराखडी आयकली. आतमंधी येऊ देत नव्हते. आता माह्याच घरातल्या यंत्राले मी भिंत ठेवू? आत काय हाय ते मले पाह्यचं हाय. समजो का नोको समजो, पाह्यचं हाय."

माझा आजोबाही त्याच भिंतीबाहेर होता. मी प्रिंटरवर एक विनोद केला आणि विषय बदलला. ते उत्तर अजून देणं आहे.

मग तुमच्या त्या यंत्रापुढे निर्मलाताई बसल्या. त्या सातवी शिकलेल्या. गल्लीतल्या बायका निराधार योजनेचे, रेशनकार्डात नाव चढवायचे, दाखल्यांचे अर्ज तुमच्याकडून लिहून घ्यायच्या, आणि तुम्ही कामावर असलात की संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहायच्या. ताई म्हणाल्या, मले शिकवा, मी लिहितो. तुम्ही पडदा मराठी करून दिला. जतन करा, रद्द करा, पूर्ववत करा. ताईंनी सगळं नीट वाचलं आणि विचारलं, "हे कोन बोलून राह्यलं? आपल्या घरात कोनी असं बोलते काय?"

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, सवय होईल. तुम्ही महिनाभर ते पडद्यावरचे शब्द ज्या फायलींमध्ये ठेवलेले असतात त्या शोधत बसलात. तुमच्या लिनक्सचं असं की त्या फायली उघडता येतात, आतले शब्द बदलता येतात, कोणाची परवानगी लागत नाही. माझ्या विकतच्या संगणकात तसली सोय मला कुठे दिसली नव्हती. मी पुढच्या वेळी आलो तेव्हा 'जतन करा' जाऊन तिथे 'ठेवून दे' आलं होतं. 'पूर्ववत करा'च्या जागी 'जसं होतं तसं कर'. आणि काही पुसायला गेलं की पडदा विचारायचा, "निर्मला, खरंच पुसू काय?"

मी किती हसलो! मी मराठीचा शिक्षक. पोरांनी वहीत 'मले' लिहिलं की त्याखाली लाल रेघ मारणं हे माझं अडतीस वर्षांचं काम. म्हणालो, "भाऊ, हा संगणक आहे की पानठेला?" तुम्ही म्हणालात, "पानठेल्यावर मानूस उभा राह्यते ना, मास्तर? भेत नाई."

आणि ताई भ्यायल्या नाहीत. "प्रति, मा. तहसीलदार साहेब" इथून सुरू होणारे त्यांचे अर्ज इतके नेटके व्हायला लागले की बाळापूरहून बायका एसटीनं यायच्या. मी हे सगळं पाहत होतो आणि तरीही माझा हेका सोडत नव्हतो. आता जे सांगतो ते प्रशिकला कधी कळू न देणारे तुम्हीच.

तुम्ही दोघं दोन दिवस लग्नाला बाळापूरला गेला होतात. मी डोळे तपासायला अकोल्याला आलेलो, शोभा सोबत, तुमच्या घराची किल्ली आमच्याकडे. ताईंचा वाढदिवस जवळ होता. मी अस्सल, बिलासकट विंडोज भेट म्हणून आणलं होतं. म्हटलं, येईपर्यंत टाकून ठेवू, एकदा चालवून पाहिलं की ताईच म्हणतील मास्तर खरे.

शोभा म्हणाली, "हात नोका लावू. त्याइचं हाय ते."

"मला काय समजत नाही?"

"समजते म्हनूनच म्हनून राह्यलो."

पडद्यानं मला विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं का. इंग्रजीत विचारलं. डोळ्यांत डॉक्टरांनी थेंब टाकलेले, अक्षरं पसरलेली. पण न वाचता होकार द्यायला डोळे लागतात कुठे?

तुम्ही आलात. ताई लुगड्याचा पदर खोचून तशाच बसल्या, कारण गल्लीतल्या कमलाबाईंचा अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. पडदा चकाचक. परक्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा शोधावा तशी त्यांची नजर फिरली. दोन मिनिटं. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "हे माह्याशी बोलून नाई राह्यलं."

मी जमिनीत जायला जागा शोधत होतो. तुम्ही नुसतं म्हणालात, "मास्तर, सकायी पयल्या गाडीनं अमरावतीले जा."

मला वाटलं, घराबाहेर काढून राहिले. योग्यच आहे.

"तुमच्या लोखंडी कपाटात वरच्या खान्यात तो डबा हाय ना, पंच्यात गुंडायलेला? तो घेऊन या."

साडभाऊ, तो डबा तुम्ही मला काही वर्षांपूर्वी दिला होता. "ठेवा, लय मोलाचा हाय," एवढंच सांगून. मी ठाम समजलो होतो की त्यात ताईंचे दागिने आहेत. कपाटाची किल्ली मी बनियनला पिनेनं लावून फिरायचो. दर दोन-तीन महिन्यांनी तुम्ही तो घेऊन जायचात आणि परत आणून द्यायचात, तेव्हा मी शोभाला म्हणायचो, दिसते, ताईंच्या माहेराकडे अजून एक लग्न निघालं. आणि त्यात निघाली काय? एक हार्ड डिस्क. तुमच्या घरच्या संगणकाची शब्दन् शब्द प्रत. एक घरच्या संगणकात आणि एक दुसऱ्या गावात, ही तुमची प्रयोगशाळेतली शिस्त. जे मी अकोल्याला पुसलं, त्याची राखण मीच अमरावतीला छातीला किल्ली लावून करत होतो.

मी दुपारपर्यंत डबा घेऊन परत आलो. चार वाजता पडद्यावर 'ठेवून दे' परत दिसलं, पाचच्या आत कमलाबाईंचा अर्ज कार्यालयात पोचला. आणि तुम्ही प्रशिकला फोनवर सांगितलंत, "काही नाई, डिस्क खराब झाल्ती." मी तिथेच उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याबद्दल आभार मानायचे राहिले, ते आज मानतो.

आता दुसरी कबुली. ही तुम्हालाही ठाऊक नाही.

दीड वर्षापूर्वी माझ्या पैसे मोजून घेतलेल्या विंडोजनं मला कळवलं की नव्या आवृत्तीसाठी माझा संगणक चालणार नाही. यंत्र धडधाकट होतं. माझ्यासारखंच, निवृत्त, पण चालतं. नवं यंत्र घ्यावं की काय, यावर मी महिनाभर विचार केला. तुम्हाला फोन लावायला तीनदा हात गेला आणि तीनदा मागे आला. शेवटी व्हिडिओ पाहून, दोनदा फसून, तिसऱ्यांदा मी तुमचं लिनक्स टाकलं. आणि मागचं चित्र जुन्या विंडोजचंच लावून दिलं, म्हणजे घरात कोणाला कळू नये.

त्यानंतर तुम्ही आलात की मी पडद्यावर टॉवेल टाकायचो. धूळ बसते म्हणायचो. मागच्या उन्हाळ्यात तुम्ही त्या टॉवेलसमोर बसून दोन तास माझ्याशी भांडलात. मी विकतच्या वस्तूची बाजू इतक्या तावातावानं मांडली की शोभानं दोनदा पाणी आणून दिलं, आणि टॉवेलखाली तुमचंच चालू होतं. जाताना तुम्ही म्हणालात, "मास्तर, तुमी नाई सुधरनार." मी ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं. तुमच्या तोंडावर तुम्ही जिंकलात म्हणायचं. पुढच्या खेपेला तुमचा फोन आला नाही. ताईंचा आला.

तर त्या सकाळी मी पंच. एका बाजूला नवा लॅपटॉप, एका बाजूला तुमचा संगणक, मधे ताई. बाहेर ओट्यावर दोन बायका कागद घेऊन बसलेल्या.

प्रशिक चांगला पोरगा आहे, साडभाऊ. तो आईसाठीच बोलत होता. "आई, अपडेट आलं की बाबानं बदलेले शब्द उडून जातेत. दर वेळेस ते परत टाकत होते. आता कोन टाकन? मी पुण्याहून? कंपनीचं घेतलं तर बिघडल्यावर कोनाले तरी फोन लावता येते. काका, सांगा ना तिले. तुमी तर बाबाशी यासाठीच भांडले ना?"

वीस वर्षांपूर्वीचं माझंच बोलणं त्याच्या तोंडून आलं. मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी लॅपटॉपला हात लावला नव्हता. एवढंच म्हणाल्या, "तुमी दोघं म्हनान तसं. मले काय समजते त्यातलं."

तहसीलदाराला कागदावर जाब विचारणारी बाई आपल्याच घरात असं बोलत होती. तिच्याशी तिच्या बोलीत बोलणारं यंत्र काढून नेलं, तर ती परत दोन मिनिटं पडद्याकडे पाहील, हात मांडीवर ठेवील, आणि ओट्यावरच्या बायका पुन्हा दुसऱ्या कोणाची वाट पाहत बसतील.

मी म्हणालो, "प्रशिक, माझ्या घरी दीड वर्षापासून तुझ्या वडिलांचंच लिनक्स आहे."

शोभा ओरडलीच, "म्हनून टावेल होता काय!"

"अजून आयक," मी म्हणालो, आणि ती डिस्क कशी खराब झाली होती, तेही सांगून टाकलं. थेंब, होकार, बनियनची पिन, सगळं. प्रशिक तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. आणि ताई हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, डोळ्यांना पदर लावून हसल्या. "मले वाटलं होतं तुमी मरेपर्यंत सांगनार नाई, मास्तर."

मग मी म्हणालो की अपडेटनंतर शब्द टाकायचं काम मी शिकतो. प्रशिकनं विचारलं, "तुमी?" माझा इतिहास पाहता प्रश्न रास्त होता. तुमच्या टेबलाच्या खणात वही निघाली. पहिल्या पानावर, तुमच्या अक्षरात, कोणती फाइल कुठे, काय दाबायचं, चुकलं तर मागे कसं यायचं. प्रयोगवहीत कृती लिहावी तसं एकेक पाऊल. माझ्यासारख्यालाही जमेल असं. मी आधी सगळ्याची प्रत घेतली. हे लिहून ठेवतो, कारण तुम्ही विचारलं असतंत.

गेल्या पंधरवड्यात एक अपडेट येऊन गेलं होतं आणि काही ओळी पुन्हा परक्या झाल्या होत्या. पहिलीच ओळ मी मोठ्या तोऱ्यात टाइप केली: "आपण केलेले बदल अद्याप जतन झालेले नाहीत." ताईंना दाखवली.

त्यांनी वाचली. "हे कोन बोलून राह्यलं?"

"मी."

"असं नोका बोलू. बाई उठून जाईन. लिहा, अजून ठेवलं नाई वं, थांब जराशी."

मी लिहिलं. पुढची ओळ. त्यांनी तीही बदलली. चौथ्या-पाचव्या ओळीला मी म्हणालो, "ताई, भाऊंना हे शब्द बरे सुचायचे."

"त्याइले?" ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत परत गेलो. "त्याइले काय सुचते? ते मले इचारत, निर्मला, इथं काय म्हनू? मी सांगो, ते टाइप करत. सगये शब्द माहेच हायत."

साडभाऊ, तुमची ती पानठेल्याची भाषा म्हणून मी इतकी वर्षं ज्याला हसलो, ते ताईंचं लिखाण होतं. तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत. माझं हसू तुम्ही स्वतःवर घेतलंत आणि तिचे शब्द तिच्या यंत्रात बसवत राहिलात. असा माणूस माझा साडू होता, हे मी अमरावतीत आता ज्याला-त्याला सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.

प्रशिकनं लॅपटॉप स्वतःपुढे ओढला. "आई, हा बाबाच्यापेक्षा जोरात पयते. याच्यावरबी तेच टाकतो. शब्दासकट." मग ताई उठल्या, ओट्यावरच्या बायकांना आत बोलावलं, आणि मला म्हणाल्या, "तुमी लिहा तोवर. मी येऊन तपासतो."

संध्याकाळपर्यंत मी सतरा ओळी लिहिल्या. ताईंनी त्यातल्या दोन न बदलता तशाच ठेवल्या. अमरावतीची गाडी मूर्तिजापूरला पोचेपर्यंत मी हे शोभाला तीनदा सांगितलं.